पाठ केव्हा उघडावा?

आमच्या परिचयाच्या घरांतून गेली काही वर्षे एक वाक्य वारंवार कानी पडते: "पाठ उघडत नाही." कधी ते शाळकरी मुलाच्या तोंडी असते, कधी महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या, तर कधी पन्नाशीत नोकरीच्या गरजेपोटी नवा अभ्यासक्रम पत्करलेल्या गृहस्थाच्या. ऐकणारा म्हणतो, संगणक बिघडला असेल. परंतु पुष्कळदा संगणक ठणठणीत असतो आणि पाठही जागच्या जागी असतो. तो शिक्षकाने बुद्ध्या बंद ठेवलेला असतो. हे कुलूप केव्हा योग्य व केव्हा अन्यायकारक, याविषयी आमच्या अनुभवाचे चार शब्द वाचकांपुढे ठेवावेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे कुलूप म्हणजे काय, ते पाहू. इस्रायलमधील विद्यापीठे व महाविद्यालये ज्या मूडल नामक प्रणालीचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करतात, तिची पहिली आवृत्ती मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात २००२ साली प्रसिद्ध केली. २०१० साली निघालेल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीपासून प्रत्येक पाठाला, स्वाध्यायाला वा चाचणीला अट घालण्याची सोय शिक्षकाच्या हाती आली. अमुक तारखेपूर्वी पाठ उघडू नये, अमुक तारखेनंतर मिळू नये, आधीचा पाठ पुरा झाल्यावाचून पुढचा दिसू नये, मागील चाचणीत ठराविक गुण पडल्याखेरीज पुढे जाता येऊ नये, असे नाना प्रकार त्यात आहेत. अटीशेजारी डोळ्याचे एक लहानसे चिन्ह असते. तो डोळा उघडा ठेवला, तर बंद पाठाचे नाव विद्यार्थ्याला फिक्या अक्षरांत दिसते आणि तो का बंद आहे, हेही कळते. डोळा मिटला, तर असा काही पाठ आहे याची विद्यार्थ्याला दादही लागत नाही.

आमच्या पिढीला हे सारे नवलाचेच. मुंबईस आम्ही शिकत असता जून महिन्यात बालभारतीचे कोरे पुस्तक हाती येई आणि पहिल्या आठवड्यातच आम्ही त्यातील सगळे धडे वाचून मोकळे होत असू. बाई वर्गात दहाव्या धड्याशी येईपर्यंत दिवाळी येई. पण म्हणून दहावा धडा कोणी शिवून ठेवला नव्हता. शिकविण्याचा क्रम बाईंच्या पाठ टाचणात असे आणि पुस्तक आमच्या दप्तरात असे. दोहोंत कधी भांडण झाल्याचे आम्हांस स्मरत नाही.

असे असूनही, एके काळी आम्ही स्वतः या कुलपांचे मोठे पुरस्कर्ते होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे देशातील शाळा बंद झाल्या आणि नववीच्या वर्गाचे गणित आम्ही संगणकावर आणले. मुले घरी सैलावतील, या भीतीने आम्ही नियम केला की, रोजचा पाठ सकाळी आठ वाजता उघडेल आणि रात्री आठ वाजता बंद होईल. शिवाय आजचा पाठ पुरा केल्यावाचून उद्याचा मिळणार नाही. शिस्त उत्तम बसली, असे आम्हांस वाटले. हजेरीच्या तक्त्यावर बहुतेक नावांपुढे हिरव्या खुणा दिसू लागल्या.

एका मुलीच्या नावापुढे मात्र एकही खूण नव्हती. मुलगी आपल्याच समाजातली, वर्गात नेहमी पहिल्या बाकावर बसणारी. दोन आठवडे वाट पाहून आम्ही तिच्या घरी एक खरमरीत पत्र धाडले. पत्र हिब्रूत गेले. उत्तर मराठीत आले. तिच्या आईने दूरध्वनी केला व अत्यंत शांतपणे सांगितले, "बाई, घरात एकच संगणक आहे हो. दिवसा थोरल्याचा वर्ग, दुपारी धाकट्याचा. माझा फोन माझ्याबरोबर कामावर येतो. हिची पाळी जेवणं झाल्यावर लागते. ती रोज रात्री बसते, पण तुमचं दार आठलाच मिटतं. आणि पहिलाच धडा राहिला म्हणून पुढचा एकही उघडत नाही."

आम्ही निरुत्तर झालो. ती मुलगी दोन आठवडे रोज रात्री बंद दारापुढे बसत होती आणि आम्ही तिला आळशी ठरवून मोकळे झालो होतो. तक्त्यावर खूण नाही, याचा अर्थ मूल अभ्यास करीत नाही असा आम्ही लावला. मुलाला अभ्यास करताच येत नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो, हे तीस वर्षांच्या आतबाहेरच्या नोकरीतही आम्हांस सुचले नाही. त्याच रात्री आम्ही सर्व कुलपे काढली.

येथे गोष्ट संपली असती तर सोपे होते. परंतु कुलपे काढल्यावर दुसराच अनुभव आला, तोही सांगणे भाग आहे. पुढील घटकाचे चोवीस पाठ आम्ही एकाच दिवशी उघडे करून टाकले. हुशार मुले भराभर पुढे गेली. मधल्या मुलांनी 'सगळे आहेच की' म्हणून चाचणीच्या आदल्या रात्रीपर्यंत काही उघडले नाही. जी कच्ची होती, ती चोवीस पाठांची रांग पाहूनच गांगरली. एका मुलाने तर शेवटचा पाठ प्रथम उघडला, काही समजले नाही आणि गणित आपल्याला येणारच नाही, असा ग्रह करून घेतला. तेव्हा सर्व दारे सताड उघडी ठेवणे हाही उपाय नव्हे, हे ध्यानात आले.

मग चुकले कोठे? अध्यापक विद्यालयात शिकलेल्या जुन्या गोष्टी या निमित्ताने आम्ही पुन्हा चाळल्या. 'सोप्याकडून कठिणाकडे', 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' ही अध्यापनसूत्रे आम्हां सर्वांना पाठ असतात. त्यांच्याच जोडीला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या अध्यापन यंत्राची माहिती असे. १९५४ च्या सुमाराचे ते यंत्र बरोबर उत्तर दिल्यावाचून पुढचा प्रश्न दाखवीत नसे. म्हणजे क्रमाचे कुलूप त्यात होते. परंतु विद्यार्थी आपल्या गतीने चाले. त्याला घड्याळाचा धाक नव्हता. १९६८ साली बेंजामिन ब्लूम यांनी प्रभुत्व अध्ययनाचा विचार मांडला. त्याचे सार असे की, सर्वांना सारखाच वेळ दिला तर फळ कमीअधिक येणारच. फळ सर्वांना सारखे मिळावे अशी इच्छा असेल, तर वेळ कमीअधिक द्यावा लागेल. या दोघांनीही क्रम घट्ट केला, तो काळ मोकळा सोडून.

आम्ही काय केले होते? क्रमही घट्ट केला आणि काळही. 'आधीचे पुरे करा' ही एक अट आणि 'आठच्या आत करा' ही दुसरी. यांपैकी कोणतीही एक अट मूल पेलू शकते. दोन्ही एकत्र आल्या की, एक दिवस चुकलेले मूल कायमचे मागे पडते. कारण मागचा पाठ मिटलेला असतो आणि त्याच्यावाचून पुढचा उघडत नसतो. आमच्या मते या विषयातील सर्वांत मोठी चूक ती हीच.

यावरून आम्ही स्वतःपुरता एक नियम केला आहे: अभ्यासाच्या पाठाला उघडण्याची तारीख असावी, मिटण्याची असू नये. आठवड्याचे पाठ आठवड्याच्या आरंभी उघडावेत, म्हणजे वर्ग बरोबरीने चालतो, शंका एकाच वेळी निघतात आणि कच्चे मूल गांगरत नाही. जमल्यास पुढील आठवड्याचेही उघडे असावेत, म्हणजे ज्याला पुढे जायचे त्याची वाट अडत नाही. परंतु एकदा उघडलेला पाठ वर्षअखेरपर्यंत उघडाच राहिला पाहिजे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली दाखवून दिले की, शिकलेले झपाट्याने विसरले जाते आणि थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणीच ते टिकविते. उजळणीसाठी मागे वळावे तो दार बंद, असा अभ्यासक्रम विसरण्यालाच हातभार लावतो.

आपल्या वाचकांना हे निराळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. तोराचा पाराशा आठवड्याआठवड्याला ठरलेला असतो आणि शब्बाथच्या दिवशी सर्व सिनेगॉगमध्ये तोच वाचला जातो. म्हणून पुढचा पाराशा घरी वाचण्यास कोणास मनाई नाही, आणि आजारपणात चुकलेला मागाहून वाचण्यासही नाही. क्रम सर्वांचा एक असतो; ग्रंथ मात्र कोणासाठी मिटलेला नसतो.

कुलूप मुळीच नको, असे आमचे म्हणणे नाही. परीक्षेची प्रश्नपत्रिका ठरल्या वेळी उघडावी व ठरल्या वेळी मिटावी, हा न्यायच आहे. स्वाध्यायाची उत्तरे तो देण्याची मुदत संपल्यावरच दिसावीत, हेही योग्य. पण तेथेही माणूस पाहावा लागतो. मूडलमध्ये एखाद्या विद्यार्थ्यापुरती चाचणीची वेळ वाढविण्याची सोय आहे. ती वापरण्यास दोन मिनिटे लागतात. तसेच स्वाध्यायाला 'देण्याची तारीख' निराळी व 'त्यानंतर घेतला जाणार नाही' ही तारीख निराळी ठेवता येते. पहिली चुकली तर उशिराची नोंद होते, पण दार बंद होत नाही. या दोन तारखांमध्ये थोडे अंतर ठेवणे हा आम्हांस शिक्षकी औदार्याचा नव्हे, साध्या शहाणपणाचा भाग वाटतो.

या देशात तर हे शहाणपण विशेष हवे. २०२३ च्या ऑक्टोबरनंतर हजारो विद्यार्थी राखीव सैन्यात बोलाविले गेले. विद्यापीठांचे वर्ष डिसेंबरअखेरपर्यंत लांबणीवर पडले. सीमेलगतच्या गावांतील मुले हॉटेलांच्या खोल्यांतून शिकली. २०२५ च्या जून महिन्यात इराणशी युद्ध झाले, तेव्हा शाळा पुन्हा बंद होत्या व मुले आश्रयाच्या खोलीत बसली होती. अशा वेळी रात्री आठच्या ठोक्याला मिटणारा पाठ कोणाला शिस्त लावणार? आणखी एक गोष्ट आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याची आहे. भारतातून नव्याने आलेल्या मुलाला हिब्रू पाठ समजण्यास शब्दकोश उघडून दुप्पट वेळ लागतो. त्याची बुद्धी कमी नसते, भाषा कच्ची असते. मिटणारा पाठ त्याच्या भाषेची शिक्षा त्याच्या गणिताला देतो. शुक्रवारी मध्यरात्री संपणारी मुदतही अशीच अविचाराची. ती बारा तास अलीकडे आणली वा रविवारवर नेली, तर कोणाचेच बिघडत नाही.

आमचे काही सहकारी म्हणतात की, जगात वेळेला किंमत आहे आणि ती मुलांना आतापासूनच कळली पाहिजे. त्यांचा मुद्दा खोटा नाही. परंतु वेळेची किंमत वेळापत्रक शिकविते, आठवण करून देणारा शिक्षक शिकवितो, उशिरासाठी कापलेले दोन गुणही शिकवितात. कुलूप काही शिकवीत नाही. ते फक्त अडविते. दुसरे म्हणतात, पाठ उघडे ठेवले तर मुले नक्कल करतील. नक्कल परीक्षेत होते, पाठात नव्हे. पाठ एकाने दुसऱ्याला दाखविला तर त्याला आम्ही मदत म्हणतो.

शेवटी दोन विनंत्या. शिक्षकबंधुभगिनींना ही की, नवे वर्ष सुरू होण्यापूर्वी आपला अभ्यासक्रम एकदा विद्यार्थ्याच्या नजरेने पाहावा. तशी सोय प्रणालीतच आहे. प्रत्येक अटीपुढे थांबून विचारावे: ही कशासाठी? उत्तर सापडले नाही, तर अट काढावी. सापडले, तर डोळा उघडा ठेवून ते कारण विद्यार्थ्यालाही वाचू द्यावे.

पालकांना विनंती ही की, मूल 'पाठ उघडत नाही' म्हणाले तर त्याच्यावर किंवा संगणकावर रागावण्यापूर्वी शिक्षकाला विचारावे. हिब्रू येत नसेल, तर येईल त्या भाषेत विचारावे. त्या माउलीने दोन आठवडे संकोचून वाट पाहिली. तिने पहिल्याच रात्री दूरध्वनी केला असता, तर आम्ही इतके दिवस चुकत राहिलो नसतो.