मटक्याचा राजा आणि आमची चूल



९ मे २०२० रोजी मुंबईत रतन खत्री वारला. वय ८८. टाळेबंदीमुळे तेव्हा भिवंडीचे माग बंद होते, मजूर बोचकी डोक्यावर घेऊन गावाकडे निघाले होते. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांनी या 'मटका किंग'च्या आठवणी रंगवून छापल्या. २०२४ साली 'मटका किंग' नावाच्या मालिकेचीही घोषणा झाली. राजा म्हणे! मी भिवंडीत कांड्या भरणाऱ्या बायांमध्ये वावरणारी बाई. माझा साधा सवाल आहे : या राजाचा खजिना कुणी भरला?

न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावावर मुंबईत पूर्वी आकडा लावत. १९६१ साली ते थांबलं. १९६२ साली कल्याणजी भगतने वरळी मटका सुरू केला. फाळणीत कराचीहून आलेल्या खत्रीने १९६४ साली आपला 'न्यू वरळी मटका' काढला. गिरणी कामगारांच्या चाळींतून हा आकडा फोनवरून देशभर पोचला. जुगारबंदीचा कायदा तर १८८७ सालापासून होताच! आणीबाणीत खत्री १९ महिने तुरुंगात होता. म्हणजे सरकारला त्याचा पत्ता चांगला ठाऊक होता. तरी तो सुटला आणि मटका पुढे वर्षानुवर्षं चालला. वरच्यांनी डोळे मिटल्याशिवाय असा धंदा चालतो, हे कुणी आम्हांला सांगू नये. धाड पडली की सापडतो तो नाक्यावर चिठ्ठ्या लिहिणारा पोरगा.

खत्रीचे चाहते म्हणतात, 'माणूस सचोटीचा होता, पत्ते सगळ्यांदेखत काढायचा.' घटकाभर मानू. आता हिशेब करा. शून्य ते नऊ, आकडे दहा. लागला तर रुपयाला नऊ, हा रूढ भाव. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर गेले दहा आणि आले नऊ. म्हणजे काडीची लबाडी न करता दहातला एक रुपया धंदेवाल्यांचा. ओपनला एकदा, क्लोजला पुन्हा. ही सचोटी आहे ती जुगाऱ्याशी. त्याच्या घरात राबणारीशी कसली सचोटी? तिला तर कुणी विचारलंच नव्हतं!

कारण आकडा लावतो तो, आणि फेडते ती. आकडा लागला तर त्याचं डोकं, बुडाला तर तिचा पायगुण. पंधरवड्याचा पगार घरी येईपर्यंत अर्धा झालेला असतो. मग वाण्याची उधारी, गहाण पडलेलं मंगळसूत्र, आणि पैशांचा जाब विचारला की मार. पोरीची शाळा सुटते आणि तीही कांडीवर बसते. मजुरांसाठी भिशी चालवणारी बाई डाळ-तांदूळ उसनवारीवर भरते, पण जेवणाऱ्याचे पैसे आकड्यावर गेले की तिचा महिना बुडतो. हे नुकसान कुठल्या पंचनाम्यात लिहिलं जातं?

कुणी म्हणेल, पुरुष आपल्या कमाईचं काहीही करील. आपली कमाई? त्याचा डबा कोण भरतं, आजारात कोण निस्तरतं, त्याच्या मागाला लागणाऱ्या कांड्या कोण भरतं? त्या पगारात आमचा घाम आहे. आणि सरकारने तरी कोणता धडा दिला? १९६९ साली स्वतःची लॉटरी काढली! पुढे आकडा मोबाईलमध्ये शिरला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा २०२५ साली झाला खरा. पण नुसत्या कायद्याने काय होतं, ते १८८७ च्या कायद्याने दाखवलंच आहे.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे. कांडी भरणारीची मजुरी तिच्याच हातात पडली पाहिजे, नवऱ्याच्या नव्हे. धाड चिठ्ठीवाल्यावर नको, त्याच्या वरच्या मालकावर आणि त्याला सांभाळणाऱ्यांवर हवी. मत मागायला येणाऱ्याला दारातच विचारा : तुमच्या वॉर्डात आकडा कुणाच्या आशीर्वादाने चालतो?

बायांनी मतदान करून गावोगाव बाटली आडवी केली. आता मटकाही आपणच फोडायचा.