सार्वजनिक उपक्रमांचे दुसरे फाटक

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, भिलाई नव्या मध्य प्रदेशात राहिली आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगडमध्ये आली. या उलथापालथीत विदर्भातून गाडीने येऊन भिलाईच्या सेक्टरांत स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांचा पत्ता मात्र बदलला नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. भिलाईने तेव्हापासून देशाला रूळ दिले, आणि आपल्या कामगाराला नोकरीबरोबरच क्वार्टर, मुलांची शाळा आणि सेक्टर ९ चे रुग्णालय दिले. सरकार हा आदर्श मालक असावा, ही नेहरूकालीन कल्पना ज्या मोजक्या ठिकाणी प्रत्यक्षात उतरलेली दिसली, त्यांत भिलाईची गणना करावी लागेल.

या आदर्श मालकाच्या दारात आज शिरायचे कसे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कारखान्याचे लोखंडी फाटक जागेवरच आहे. परंतु देशातील कोणत्याही सार्वजनिक उपक्रमाशी नागरिकाचा पहिला संबंध आता त्या फाटकाशी येत नाही, संकेतस्थळाशी येतो. भरतीची जाहिरात तेथे लागते, अर्ज तेथेच भरावा लागतो, कंत्राटदाराला निविदा तेथेच सापडते आणि निवृत्तांसाठीच्या योजनांची परिपत्रके तेथेच प्रसिद्ध होतात. हे दुसरे फाटक दृष्टिहीन, बहुविकलांग किंवा हाताने माऊस धरू न शकणाऱ्या नागरिकासाठी उघडे आहे काय? संसदेने या प्रश्नाचे उत्तर २०१६ साली कायद्याने दिले. प्रशासनाने ते उत्तर मार्गदर्शक सूचनेच्या पातळीवर उतरवून ठेवले. वादाचे मूळ येथे आहे.

प्रथम अडचणीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर या प्रणालीच्या साहाय्याने. ही प्रणाली पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवते. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांच्या प्रयत्नांतून २००६ पासून आकाराला आलेली एनव्हीडीए ही अशी प्रणाली मोफत मिळते, त्यामुळे साधन महाग आहे ही सबब आता उरलेली नाही. मात्र ही प्रणाली केवळ खरा मजकूर वाचू शकते, चित्र वाचू शकत नाही. छायाचित्रामागे वर्णन लिहिलेले नसेल, अर्जातील रकान्याला संगणकाला कळेल असे नाव दिलेले नसेल, किंवा 'चित्रातील वाकडीतिकडी अक्षरे ओळखा' अशी अट असून ती ऐकण्याचा पर्याय नसेल, तर वापरणारा तेथेच अडकतो.

सरकारी कार्यालयांची एक सवय या दृष्टीने विशेष घातक आहे. परिपत्रक संगणकावरच टंकलिखित होते. मग ते कागदावर छापले जाते, त्यावर सही-शिक्का होतो आणि त्या कागदाचे स्कॅन केलेले चित्र संकेतस्थळावर चढवले जाते. म्हणजे जो मजकूर मुळात वाचता येण्याजोगा होता, त्याचे कार्यालय स्वतःच्या हाताने न वाचता येणाऱ्या चित्रात रूपांतर करते. हिंदी पट्ट्यात त्यात कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टची भर पडते. या फॉन्टमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण आत साठवलेली अक्षरे रोमन असतात. स्क्रीन रीडरला त्यातून निरर्थक अक्षरांची माळ ऐकू येते. युनिकोड उपलब्ध असतानाही जुन्या फॉन्टमध्ये काम चालू ठेवणारे कार्यालय नकळत आपल्या नागरिकांची वर्गवारी करत असते.

यात पणाला काय लागले आहे? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ३४ नुसार सरकारी आस्थापनांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी किमान ४ टक्के जागा राखीव आहेत, आणि 'सरकारी आस्थापना' या व्याख्येत सरकारी कंपन्याही येतात. ज्या तरुणीसाठी जागा राखून ठेवली, तिला अर्जच स्वतः भरता येत नसेल, तर आरक्षणाचा हक्क पहिल्या पायरीवरच दुसऱ्याच्या मेहेरबानीवर अवलंबून राहतो. ती नेट कॅफेवाल्याला किंवा शेजाऱ्याला आपला आधार क्रमांक, पासवर्ड आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देते. तो भरेल तो अर्ज आणि तो करेल ती चूक तिची ठरते. समान संधीचे संरक्षण मिळावे म्हणून केलेल्या कायद्याचा हा परिणाम कोणालाही अभिप्रेत नव्हता.

हा प्रश्न मूठभरांचा आहे, असा आक्षेप दिल्लीच्या कार्यालयांतून ऐकू येतो. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. त्यांपैकी सुमारे सव्वासहा लाख छत्तीसगडमध्ये आणि जवळजवळ ३० लाख महाराष्ट्रात होत्या. कायद्याने मान्य केलेले दिव्यांगत्वाचे प्रकार २०१६ मध्ये ७ वरून २१ झाले, म्हणजे आजच्या व्याख्येने हा आकडा मोठाच भरेल. शिवाय भिलाईसारख्या वसाहतीत तर आणखी एक वर्ग विचारात घ्यावा लागतो. कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून निवृत्त झालेली पिढी आता वृद्ध आहे. काचबिंदू, मधुमेहाने अधू झालेली दृष्टी, कापरा हात, कमी झालेली श्रवणशक्ती यांची नोंद जनगणनेच्या रकान्यात होईलच असे नाही, पण फिकट राखाडी अक्षरांचा अर्ज आणि पाच मिनिटांत आपोआप बंद होणारे पान या माणसांना तितकेच परके असते. दरवर्षी हयातीचा दाखला देणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता संसदेकडे वळू. १९५३ च्या पोटनिवडणुकीत कलकत्त्यातून निवडून आलेले साधन गुप्ता हे स्वतंत्र भारतातील पहिले दृष्टिहीन खासदार. म्हणजे पहिल्याच लोकसभेत अंध सदस्य होता. तरीही अपंगांच्या हक्कांचा पहिला सर्वंकष कायदा होण्यास १९९५ साल उजाडावे लागले, आणि त्या कायद्याच्या भाषेत रस्ते, इमारती व वाहने होती, संकेतस्थळे नव्हती. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांगविषयक कराराला संमती दिली. त्या करारात माहिती व संपर्क यंत्रणेची सुगम्यता स्पष्ट शब्दांत आहे. नवे विधेयक राज्यसभेत आले ते फेब्रुवारी २०१४ मध्ये. ते संमत झाले १४ डिसेंबर २०१६ रोजी, आणि लोकसभेत दोनच दिवसांनी. नोटाबंदीवरून ते हिवाळी अधिवेशन जवळजवळ वाहून गेले होते. त्या गदारोळात सत्ताधारी आणि विरोधक ज्या विधेयकापुरते एकत्र आले, ते हे विधेयक होते. इतके एकमत आपल्या संसदेत क्वचितच दिसते.

परंतु संसद कायदा करते आणि नियम मंत्रालय करते. अधिनियमाच्या कलम ४० ने माहिती तंत्रज्ञानासह सर्व क्षेत्रांसाठी सुगम्यतेची मानके नियमांद्वारे ठरवण्याचे काम केंद्र सरकारवर सोपवले. कलम ४६ ने सेवा देणाऱ्यांना नियम प्रसिद्ध झाल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली. नियम १५ जून २०१७ रोजी आले. त्यांतील नियम १५ ने संकेतस्थळांसाठी भारत सरकारच्या संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवले. २००९ साली प्रथम प्रसिद्ध झालेली ही तत्त्वे मुळात वाईट नव्हती. त्यांची २०२३ मधील तिसरी आवृत्ती तर आंतरराष्ट्रीय मानकांना धरून आहे. उणीव होती ती बंधनाची. 'करावे' असे म्हणणारी तत्त्वे 'केलेच पाहिजे' असे सांगणाऱ्या कायद्याखाली ठेवली गेली.

ही विसंगती सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात नेमकी दाखवून दिली. नियम १५ मूळ कायद्याच्या चौकटीबाहेर असल्याचे सांगून, सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत ठरवावीत असा आदेश सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने दिला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्याची अट ॲसिड हल्ल्यातील पीडित व्यक्ती किंवा अंध व्यक्ती कशी पूर्ण करणार, या प्रश्नातून ते प्रकरण उभे राहिले होते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे हा विषय आता कल्याण खात्याच्या सदिच्छेचा राहिलेला नाही.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. सिडनी ऑलिंपिकच्या संयोजन समितीने हाच आक्षेप घेतला होता. एका अंध नागरिकाने १९९९ मध्ये समितीच्या संकेतस्थळाविरुद्ध ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. दुरुस्तीला प्रचंड पैसा आणि वर्षाहून अधिक काळ लागेल, असे समितीने सांगितले. तज्ज्ञांनी हे काम काही आठवड्यांचे असल्याची साक्ष दिली. आयोगाचा निकाल ऑगस्ट २००० मध्ये समितीविरुद्ध गेला आणि पुढे २० हजार डॉलरची भरपाई द्यावी लागली. या प्रकरणाचा बोध साधा आहे. सुगम्यता आरंभापासून आखणीत असेल तर तिचा खर्च किरकोळ असतो. इमारत उभी राहिल्यावर जिना फोडून उतार बांधायला घेतला की तोच खर्च अवजड वाटू लागतो.

अमेरिकेने यातून खरेदीचा मार्ग काढला. तेथील पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०८ मध्ये १९९८ साली दुरुस्ती होऊन, संघ सरकारच्या यंत्रणांनी माहिती तंत्रज्ञान खरेदी करताना ते दिव्यांगांना वापरता येण्याजोगे असले पाहिजे, हे बंधन आले. संकेतस्थळ बांधणाऱ्या कंपनीला उपदेश करण्यापेक्षा तिचे देयक रोखण्याची तरतूद अधिक परिणामकारक असते, हे कोणत्याही खरेदी अधिकाऱ्याला पटेल. आपल्याकडेही भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानक उपलब्ध आहे आणि २०२३ मध्ये त्याचा नियमांत समावेशही झाला आहे. निविदेत ते मानक घालण्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

भिलाईच्या अनुभवातूनच हे अधिक स्पष्ट करता येईल. भिलाईचा रूळ अल्ट्रासॉनिक चाचणीशिवाय रेल्वेच्या ताब्यात जात नाही. त्याच्या रासायनिक घटकांचे आणि मापांचे मानक ठरलेले असते. मानकात न बसणारा रूळ 'शक्यतो चांगला आहे' म्हणून स्वीकारला जात नाही, कारण त्यावरून माणसे जाणार असतात. संकेतस्थळावरूनही माणसेच जाणार असतात. जी संस्कृती रुळाच्या बाबतीत इतकी काटेकोर आहे, तिने संकेतस्थळाच्या बाबतीत मार्गदर्शक सूचनांवर समाधान का मानावे?

सार्वजनिक उपक्रमांच्या व्यवस्थापनाने स्वतःच्या अधिकारात आजच घेण्याजोगे चार निर्णय आहेत. पहिला, यापुढे कोणतेही परिपत्रक, जाहिरात किंवा अर्ज स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात प्रसिद्ध होऊ नये. सही हवी असेल तर डिजिटल सही आहे, आणि मजकूर युनिकोडमध्येच असावा. दुसरा, संकेतस्थळाच्या प्रत्येक कंत्राटात सुगम्यतेचे मानक आणि त्याच्या पूर्ततेशी जोडलेले देयक असावे. तिसरा, चाचणी करणाऱ्यांत प्रत्यक्ष दिव्यांग कर्मचारी असावेत. माऊस बाजूला ठेवून केवळ कळफलकाच्या टॅब कळीने अर्ज शेवटापर्यंत भरता येतो का, हे कोणताही विभागप्रमुख पाच मिनिटांत स्वतः तपासू शकतो, पण स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्याच्या अनुभवाला पर्याय नाही. चौथा, कलम २३ नुसार नेमायच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि दूरध्वनी मुखपृष्ठावर असावे. कलम ८९ मधील पहिल्या उल्लंघनासाठी १० हजार रुपयांपर्यंतचा दंड मोठ्या उपक्रमाला जाणवणारही नाही. उत्तरदायी अधिकाऱ्याचे नाव मात्र जाणवते.

या व्यवस्थेवर देखरेख कोणी ठेवायची, हा प्रश्न शेवटी संसदेकडेच येतो. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असलेली सार्वजनिक उपक्रम समिती दरवर्षी निवडक उपक्रमांच्या नफ्या-तोट्याची झडती घेते. तिने प्रत्येक उपक्रमाच्या अध्यक्षाला एक प्रश्न विचारावा: गेल्या भरतीत किती दिव्यांग उमेदवारांनी कोणाच्याही मदतीविना अर्ज पूर्ण केला? हा आकडा उपक्रमाकडे नसेल, तर त्याने तो मोजण्याची तसदी घेतलेली नाही, एवढे तरी नोंदीवर येईल.

भिलाई उभी राहिली तेव्हा कारखान्याच्या दारात जात, भाषा, प्रांत विचारला जाणार नाही, असा विश्वास तेलुगू, बंगाली, मल्याळी, मराठी आणि छत्तीसगढी कामगारांना वाटला होता. म्हणूनच ती माणसे शेकडो मैलांवरून आली आणि तेथलीच झाली. त्यांच्या पुढच्या पिढीतील अंध मुलीने घरी बसून, स्वतःच्या बोटांनी, त्याच उपक्रमाचा अर्ज भरून पाठवावा, एवढीच २०१६ च्या कायद्याची अपेक्षा आहे. त्यासाठी झोतभट्टी उभारावी लागत नाही.