पहिली लेन्स आणि मणिकर्णिका

नवा डीएसएलआर कॅमेरा घरात आला, की पेढे वाटून होण्याआधीच प्रश्न पडतो : ‘आता लेन्स कोणती घ्यायची?’ त्यातून काशीयात्रा ठरलेली असली, तर दुकानदार, मेहुणे आणि शेजारी या तिघांचंही उत्तर एकच असतं. ‘७०-३०० घ्या हो! नावेत बसल्या बसल्या मणिकर्णिकेवरच्या चिता अगदी हाताशी आल्यासारख्या दिसतील.’

माझं मत नेमकं उलट आहे, आणि त्याला कारण मणिकर्णिका हेच आहे.

लेन्सवरचा मि.मी.चा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तोच आकडा तुम्ही कुठे उभं राहायचं हेही ठरवतो, हे फारसं कुणी सांगत नाही. ३०० मि.मी.वाला लांब नावेत बसतो. ज्याचा फोटो निघतो, त्याला त्याचा पत्ताही नसतो. मणिकर्णिकेवर अहोरात्र चिता जळत असतात. डोकं भादरलेला, पांढऱ्या वस्त्रातला मुलगा बापाच्या चितेला प्रदक्षिणा घालतो आहे, आणि पाण्यावरून वीसजण त्याच्यावर लेन्स रोखून बसले आहेत! आपल्या घरच्या अंत्ययात्रेचे फोटो कुणी समोरच्या गच्चीतून असे काढले, तर आपल्याला चालेल का?

चितांचे आणि शोकातल्या माणसांचे फोटो तिथे घेऊ देत नाहीत. घाटावरची माणसं अडवतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. कुणी पैसे घेऊन ‘परवानगी’ देऊ केली, तर तिकडे लक्ष देऊ नका. ती त्या कुटुंबानंच द्यायची असते, आणि त्या घडीला त्यांना ती मागायलाही जाऊ नये.

मग कॅमेरा खोलीवर ठेवून जायचं का? मुळीच नाही. चितांपासून दूर, वरच्या गल्ल्यांमध्ये रचलेल्या लाकडांच्या थप्प्या आहेत, ओंडके तोलायचे मोठे काटे आहेत, लाकडांनी भरलेल्या नावा आहेत. आपल्या मराठी माणसाला तर इथे पावलापावलावर ओळखीची नावं भेटतात. मणिकर्णिका घाटाची बांधणी अहिल्याबाई होळकरांनी करवली. शेजारचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाईंनी १८३०मध्ये बांधवला. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका, आणि तिचा जन्म याच काशीतला. दोन्ही घाटांच्या मध्ये रत्नेश्वर महादेवाचं कललेलं देऊळ आहे. त्याचा फोटो घेताना मात्र कॅमेरा सरळ धरा. जवळून वर तोंड करून १८ मि.मी.नं काढलात, तर सरळ देवळंही मागे पडताना दिसतात, आणि या बिचाऱ्याच्या खऱ्या कलण्याला किंमत उरत नाही.

या सगळ्यासाठी लागते ती ३५ मि.मी.ची, न झूम होणारी, एफ १.८ची छोटी लेन्स. ‘अहो, पण सगळे ५० सांगतात!’ सांगतात खरे. पण साध्या डीएसएलआरचा सेन्सर जुन्या रोलच्या चौकटीपेक्षा लहान असतो. निकॉनवर आकडा दीडपट धरायचा, कॅननवर १.६ पट. म्हणजे ५०ची झाली ७५ किंवा ८०. काशीच्या गल्लीत ती लावून आजींचा उभा फोटो घेऊ गेलात, तर तुमची पाठ मागच्या भिंतीला टेकेल आणि आजींचे पाय तरीही कापले जातील. ३५ची होते साधारण ५२. म्हणजे रोलच्या काळातल्या ५०च्या जवळ. हेन्री कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानं आपलं बहुतेक काम तशा ५०वरच केलं. १९४८मध्ये गांधीजींच्या अंत्ययात्रेचे त्यानं काढलेले फोटो आजही जगभर पाहिले जातात. त्याच वेळी मार्गारेट बर्क-व्हाइट ही नामवंत अमेरिकन छायाचित्रकारही दिल्लीत होती. गांधीजींचं पार्थिव ठेवलेल्या खोलीत तिनं फ्लॅश उडवला, लोक संतापले, आणि तिला बाहेर काढलं गेलं.

इथेच तो एफ १.८चा आकडा कामाला येतो. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची लेन्स ३५वर साधारण एफ ४.५ला येते. १.८ची लेन्स तिच्या सहापट उजेड आत घेते. संध्याकाळी दशाश्वमेधावरच्या आरतीत, दिव्यांच्या उजेडात, फ्लॅशची गरजच पडत नाही.

तरी घाई करू नका. आधी १८-५५ची लेन्स ३५वर आणून चिकटपट्टीनं बांधून टाका आणि आठवडाभर घरातल्या माणसांचे फोटो काढा. जवळचं हवं तर चालत पुढे जायचं, जास्त हवं तर मागे. जमतंय असं वाटलं, तर खरेदीला निघा. निकॉनची ३५ मि.मी. एफ १.८ डीएक्स लेन्स घेताना नावात ‘एएफ-एस’ आहे ना, ते बघा. डी ३००० आणि डी ५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या ‘डी’ लेन्स त्यांवर आपोआप फोकस होत नाहीत. कॅननवाल्यांना २४ मि.मी. एफ २.८ची चपटी लेन्स बरी. उजेड थोडा कमी घेते, पण खिशात मावते. मोठ्या कंपन्या आता मिररलेसकडे वळल्यानं अशा लेन्स सेकंडहँड पुष्कळ मिळतात. घेताना आरपार बॅटरीचा उजेड टाकून पाहा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत काचेला आतून बुरशी धरते.

आणि एक. मणिकर्णिकेच्या आसपास हवेत सतत राख उडत असते. तिथे लेन्स काढून दुसरी लावायला गेलात, तर ती थेट सेन्सरवर बसते. म्हणून ३५ची लेन्स खोलीवरच लावून निघा, हुड चढवा, आणि परतल्यावर रबरी फुग्याच्या ब्लोअरनं काच साफ करा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक डाग काचेवर बसतात.