गोल करणारा आपला, मैदान बांधणारा?

‘कतारने फुटबॉल पैशाने विकत घेतला हो!’ असे आमच्या बैठकीत कोणी म्हटले की माझे डोके फिरते. २०२२ साली स्वतःच भरवलेल्या विश्वचषकात कतार तिन्ही सामने हरला, तेव्हा तर या मंडळींना दिवाळी पुन्हा आल्यासारखे झाले.

अहो, १९८१ साली याच चिमुकल्या देशाची पोरे युवकांच्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेली होती! २०१७ मध्ये शेजाऱ्यांनी त्याच्या वाटा अडवल्या. त्यांतल्याच एका शेजाऱ्याच्या, अमिरातीच्या, अंगणात २०१९ मध्ये कतारने त्यालाच ४-० असे लोळवले. प्रेक्षकांतून जोडे आले, बाटल्या आल्या. पुढे जपानला ३-१ ने हरवून आशिया चषक घरी नेला. २०२४ मध्ये तो राखलाही. हा अभिमान कोणत्या दुकानात मिळतो?

माझे भांडण निराळेच आहे. त्या २०१९ च्या स्पर्धेत नऊ गोल मारणारा अल्मोएझ अली जन्माने सुदानचा. कतारने त्याला आपला म्हटले, उत्तम केले. पण विश्वचषकाची मैदाने ज्यांनी भर उन्हात उभी केली, ते नेपाळी, बांगलादेशी आणि आपले भारतीय मजूर? नोकरी संपली की त्यांचा मुक्कामही संपला. ‘आपला’ हा शब्द त्यांच्या वाट्याला नाही.

दोह्यातले ९७४ नावाचे मैदान मालवाहू पेट्यांचे. गरज सरली की उकलून नेता यावे म्हणून तसे बांधलेले. लोखंडी पेट्यांना हा न्याय ठीक आहे. माणसांनाही तोच लावायचा?