विठाबाईंचं बाळंतपण आणि आपली जत्रा

गेल्या चैत्रात इंदापूर तालुक्यातल्या एका गावी महिला बचत गटांची एकत्र बैठक होती. हप्त्यांचे हिशेब झाले आणि एका ताईंनी विषय काढला. जत्रेसाठी पंचांनी तमाशाची सुपारी दिली आहे, ती रद्द करावी म्हणून आपण बायकांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. कारणं खोटी नव्हती. तमाशाच्या रात्री दारू वाढते, वर्गणीचा पैसा उधळला जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळा राग घरातल्या बाईवर निघतो. बारामतीकडच्या गावांतही मी हेच ऐकत आले आहे. सह्या होत आल्या होत्या, एवढ्यात मागं बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "नवरा आपला पितोय, आन् पाय तिच्या पोटावर व्हय?"

कुणीच काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. अर्ज तसाच राहिला. पण आजींचा प्रश्न काही माझा पिच्छा सोडेना. तमाशातल्या बाईबद्दल आपल्या चळवळीची नेमकी भूमिका काय? तिची कीव करायची, तिला वाचवायचं, की तिच्यावर बंदी आणायची? या तिन्हींत ती स्वतः कुठं आहे?

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आठवतात. आपल्याच पुणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जुन्नर तालुक्यात, नारायणगाव आहे. आजही पाडव्याच्या सुमारास तिथं फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला तिथं जातात. विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड महाराष्ट्रभर गाजलेला. त्या फडातच विठाबाई वाढल्या. गण-गवळण, बतावणी, रंगबाजी, वग असा रात्रभराचा खेळ, आणि त्यात गाणं, नाच, अभिनय, हजरजबाबीपणा हे सगळं एका बाईच्या अंगी. पुढे त्यांनी स्वतःचा फड उभा केला. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. १९६२च्या युद्धकाळात जवानांपुढेही त्यांनी कार्यक्रम केले. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. अखेरच्या आजारपणात दवाखान्याच्या खर्चासाठी त्यांना लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं. मग मृत्यूनंतर राज्य सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

विठाबाईंची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या. खेळ चालू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या कनातीमागं गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला सज्ज झाल्या. ते कळल्यावर प्रेक्षकांनीच हात जोडले आणि खेळ थांबवायला लावला.

ही गोष्ट भाषणांतून, लेखांतून, सत्कारांतून नेहमी सांगितली जाते आणि प्रत्येक वेळी तिचं तात्पर्य एकच असतं: केवढी ही कलेवरची निष्ठा! ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात, टाळ्या पडतात. माझा आक्षेप या टाळ्यांना आहे. विठाबाईंच्या हिमतीबद्दल शंका घेण्याचं काही कारणच नाही. पण नऊ महिने भरलेली बाई रात्री फडावर का उभी राहते, हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून जातो. सुपारी घेतलेली असते. बाई उभी राहिली नाही तर खेळ मोडतो. खेळ मोडला तर पैसे नाहीत, आणि फडावर पोट असलेली पन्नास-साठ माणसं उपाशी राहतात. याला निष्ठा म्हणून आपण मोकळे होतो. एखाद्या कारखान्यात हेच घडलं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांना याचं उत्तर वेगळं सांगायला नको. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, आपल्या सगळ्या साखर कारखान्यांच्या परिसरात दरवर्षी ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. मुकादमाकडून उचल घेऊन बीड-नगरकडून आलेल्या या बाया पोटुशा असताना मोळ्या उचलतात. कोपीत बाळंत होतात आणि चार दिवसांत पुन्हा फडात उतरतात. उसाचाही फडच आणि तमाशाचाही फडच! दोन्हीकडे उचल आहे, दोन्हीकडे हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो, दोन्हीकडे उघड्यावरचा संसार आहे. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा आपण निवेदनं दिली. तिच्या कष्टाला आपण निष्ठा म्हटलं नाही, शोषण म्हटलं. मग तमाशातल्या बाईपाशी आलं की आपली भाषा का बदलते?

ती बदलते, कारण मधे जात आणि चारित्र्य उभं राहतं. तमाशात पिढ्यान्‌पिढ्या राबल्या त्या मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतल्या बाया. किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात (१९९४) तमाशात नाचणाऱ्या आपल्या आईचं आयुष्य मांडलं, तेव्हा मराठी वाचक हादरला. घरची माणसं जिच्या कमाईवर जगतात, तिलाच लग्नाचा आणि स्वतःच्या मुलाजवळ राहण्याचा हक्क नाही, हे त्यानं पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. गाव तिला रात्री पैसे देऊन बोलावतं आणि सकाळी तिच्या नावानं शिवी देतं. आपणही नकळत त्या सकाळच्या गावात सामील होतो.

सुलोचना चव्हाण यांचं उदाहरण घ्या. १९३३ साली मुंबईत जन्मलेल्या सुलोचनाबाईंनी चित्रपटांसाठी, ध्वनिमुद्रिकांसाठी लावण्या गायल्या. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटलं. त्या डोईवर पदर घेऊन, एका जागी उभ्या राहून गात. २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. त्यांचा मान त्यांनी कष्टानं मिळवलेला आहे, त्यात तिळमात्र कमीपणा नाही. पण आपल्या समाजाचा हिशेब पाहा. लावणीचा आवाज रेडिओवरून माजघरात येतो, हळदीकुंकवालासुद्धा चालतो. तीच लावणी अंगानं, डोळ्यांनी, घामानं सादर करणारी बाई मात्र गावाच्या वेशीबाहेर कनातीत राहते. आवाज हवा, बाई नको.

हे केवळ आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेत बेसी स्मिथ ही कृष्णवर्णीय गायिका १९२०च्या दशकात तंबूचे खेळ घेऊन गावोगाव फिरे. तिच्या ध्वनिमुद्रिका लाखांनी खपल्या. १९३७ साली मोटार अपघातात ती गेली आणि १९७० पर्यंत तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसवायला दोघींनी पैसे दिले. एक तरुण गायिका जॅनिस जॉप्लिन आणि दुसरी, लहानपणी बेसीच्या घरी कामाला जाणारी हुआनिता ग्रीन. कंपन्या नफा मोजून मोकळ्या झाल्या. दगडाची आठवण ठेवली ती दोन बायकांनी.

आपल्याला दगड बसवायचा नाही, हयात बायकांसाठी काम करायचं आहे. कायदा सगळा आपल्या विरोधात आहे असंही नाही. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि कसरतीचे व तत्सम इतर खेळ दाखवणाऱ्या आस्थापना त्याच्या कक्षेत आल्या. पुढे हा कायदा २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. जत्रांत भेटलेल्या ज्या कलावंत बायकांना मी याबद्दल विचारलं, त्यांच्यापैकी एकीनंही अशा काही कायद्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३चा कायदा आहे. जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. फड हे तिचं कामाचं ठिकाण आहे, हे आधी आपण मानलं पाहिजे.

म्हणून त्या अर्जाबद्दल मला आता असं वाटतं. अर्ज जरूर द्यावा, पण त्यातला मजकूर बदलावा. सुपारी गावाच्या वर्गणीतून दिली जाते आणि ती वर्गणी आपल्याही घरातून जाते. तेव्हा अटी घालण्याचा अधिकार आपला आहे. फडातल्या बायकांना कपडे बदलायला आड जागा, पाणी आणि संडास-न्हाणीची सोय गावानं करावी. ठरलेले पैसे खेळाच्या रात्रीच पूर्ण चुकते करावेत. अंगचटीला येणाऱ्याला पंचांनी तिथल्या तिथं बाहेर काढावं, मग तो कुणाचाही मुलगा असो. दारूविक्री बंद ठेवण्याची जबाबदारी पंचांची आणि पोलिसांची, नाचणारीची नव्हे. आणि बायकांना बसायला स्वतंत्र, सुरक्षित जागा असावी. आपण समोर बसलेल्या असलो की फडावरच्या बाईलाही बळ येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

दुसरं काम थोडं चिकाटीचं आहे. ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं. ते मिळवायचं तर वयाचा, उत्पन्नाचा आणि कलेचा पुरावा लागतो. सारं आयुष्य कनातीत गेलेल्या बाईनं कागद कुठून आणायचे? २०२० आणि २०२१ साली करोनामुळं जत्रा बंद पडल्या, तेव्हा हंगामावर जगणाऱ्या या माणसांचे किती हाल झाले हे आपण पाहिलं. रेशनकार्ड, बँक खातं, निराधार पेन्शन ही कामं आपले गट रोजच करतात. आपल्या तालुक्यातल्या थकलेल्या कलावंत बायका शोधून त्यांचे कागद तयार करणं आपल्याला अवघड नाही. त्यांना बचत गटात घेणं तर मुळीच नाही. अवघड आहे ते त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसणं.

यंदाच्या जत्रेची वर्गणी सुरू होण्यापूर्वी त्याच गावात पुन्हा बैठक घ्यायची असं आम्ही ठरवलं आहे. अर्ज नव्यानं लिहायचा आहे. पहिली सही त्या आजींची घ्यावी असं माझ्या मनात आहे. त्या अंगठा करतात. चालेल.