आधी टाकी, मग ऑस्कर

छावणीतल्या क्वार्टरमध्ये मुलांच्या हट्टापायी काचेची छोटी टाकी येते आणि तिच्यात 2 इंचांचं ऑस्करचं पिल्लू. दिसायला गोंडस, पण हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला सिक्लिड. नीट पोसला तर फूटभर वाढतो, 10 वर्षं सहज जगतो. खातो भरपूर, घाणही तेवढीच करतो. 50 लिटर पाण्यात अमोनिया झपाट्यानं साठतो आणि मासा खंगतो.

त्यात आपली दर दोन-तीन वर्षांनी बदली. सामान ट्रकमध्ये चढतं, मासा मात्र जवळच्या तळ्यात सोडला जातो. ही दया नव्हे; तिथल्या देशी माशांवर आपण परका शिकारी सोडतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : आधी 300 लिटरची टाकी आणि बदलीनंतर त्याला सांभाळणारं घर, पिल्लू नंतर. तेवढी सोय नसेल, तर मित्रहो, दुकानातून रिकाम्या हातानं परता.