दुबईतली एक रात्र: बघायची की झोपायची?

एप्रिल-मे आला की माझ्या ओपीडीत एक ठराविक जोडपं येतं. वय पासष्टच्या पुढचं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, तिकिटं झालेली, सहा महिन्यांची औषधं लिहून हवी असतात. मी लिहीत असताना काका हळूच म्हणतात, "डॉक्टर, जाताना दुबईत एक रात्र थांबतोय. मुलानं मुद्दामच तसं तिकीट काढलंय. म्हणाला, तेवढंच दुबई पण होऊन जाईल."

हे "होऊन जाईल" ऐकलं की माझा पेन थांबतो. आज या विषयावर जरा स्पष्टच लिहिणार आहे. कुणाला रागही येईल, विशेषतः तिकीट काढणाऱ्या मुलांना.

आधी हिशोब करू. तुम्ही पुण्याचे असाल तर दुपारी बाराला घरातून निघता. मुंबईपर्यंत चार तास, मग चेक-इन, सिक्युरिटी, इमिग्रेशनच्या रांगा. संध्याकाळी सातला विमान उडतं आणि तीन-साडेतीन तासांत दुबईला उतरतं. तिथल्या घड्याळात नऊच्या आसपास वाजलेले असतात आणि पुढचं विमान सकाळी साडेआठ-नऊला. "बारा तास आहेत की!" असं वाटतं. त्यातून बाहेर पडायच्या रांगेचा दीड तास काढा. सकाळी तीन तास आधी परत पोचायचं, तेही काढा. उरतात साडेसात तास. एका माणसाला रात्रभर झोपायला जेवढे लागतात, बरोबर तेवढे. म्हणजे तुम्ही शहर बघायला वापरणार आहात ते फुकटचे तास नाहीत, ती तुमची झोप आहे.

आता दुसरं घड्याळ बघा, ते शरीरात असतं. दुबई आपल्यापेक्षा दीडच तास मागे आहे. तिथे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा तुमच्या मेंदूच्या, जठराच्या, स्वादुपिंडाच्या लेखी साडेबारा वाजलेले असतात. तुम्ही त्या ८२८ मीटर उंच इमारतीखाली मान वर करून फोटो काढत असता आणि शरीर म्हणत असतं, बाबा, गादीवर आडवा हो. याचा दुसरा अर्थ तुमच्या फायद्याचा आहे: दुबईतली रात्र ही जवळपास तुमच्या घरचीच रात्र असते. आडवे झालात तर झोप लागेल. पुढचं सॅन फ्रान्सिस्कोचं विमान सोळा तासांचं, आणि तिथे पोचल्यावर उन्हाळ्यात आपल्याशी साडेबारा तासांचा फरक. मग आठवडाभर रात्री टक्क जागे आणि दुपारी डुलक्या. म्हणजे या अख्ख्या प्रवासात शांत झोपेची ही शेवटची संधी असते आणि नेमकी तीच आपण मॉलमध्ये घालवतो.

माझ्या एका पेशंटची गोष्ट सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे. वय अडुसष्ट, बावीस वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ ३०/७० मिक्स इन्सुलिन. "दुबईत मस्त जेवू" म्हणून विमानातलं जेवण त्यांनी नुसतं चिवडलं. उतरल्यावर विमानतळाच्या स्वच्छतागृहात इंजेक्शन घेतलं, कारण रोजची वेळ टळून गेली होती. हे इन्सुलिन घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायचं असतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण मग टॅक्सीची रांग लागली, मॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणं झालं, आणि "आधी कारंजं बघू, ते बंद होईल" असं ठरलं. सव्वा तास झाला. कारंज्यापाशी काकांना दरदरून घाम सुटला. जून महिना, रात्रीही ३० अंशांच्या वर तापमान आणि दमट हवा. काकूंना वाटलं, उकडतंय म्हणून असेल. मग काका चिडचिड करू लागले, काकूंनी ती थकव्याच्या खात्यावर टाकली. हॉटेलचं नाव विचारलं तर त्यांना सांगता येईना, तेव्हा कुठे काकूंच्या लक्षात आलं.

साखर उतरली की घाम येतो, हात थरथरतात, धडधडतं, माणूस चिडतो, मग गोंधळतो. त्यांना ब्लड प्रेशरसाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू होती. या गोळ्या थरथर आणि धडधड झाकून टाकतात, उरतो फक्त घाम. आणि दुबईच्या उन्हाळ्यात घामाला कोण विचारतो? काकूंच्या पर्समध्ये शेंगदाण्याची चिक्की होती, ती दिली. (अशा वेळी चिक्की हा पहिला पर्याय नव्हे. शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर हळू चढते. तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजायची आणि मग जेवण.) शेजारच्या दुकानातल्या केरळी मुलानं फळांच्या रसाचा डबा फोडून दिला आणि काका वीस मिनिटांत माणसात आले. रात्री दोनला ते हॉटेलवर पोचले, पाचला उठले आणि सोळा तासांच्या विमानात बसले. परदेशात, अनोळखी गर्दीत, जवळ माणूस फक्त एक आणि तोही घाबरलेला. काकू सोबत नसत्या तर काय झालं असतं, हे मी त्या दोघांनाही विचारलेलं नाही.

"पण डॉक्टर, यूट्यूबवर तर सहा तासांत सगळं दुबई दाखवतात!" दाखवतात. दाखवणारा तिशीतला असतो, पाठीवर एक पिशवी, गुडघे शाबूत, औषधाची एक गोळी नाही. तो गेला तर मी त्याला अडवणार नाही, त्यानं जरूर जावं. माझं भांडण त्या मुलाशी आहे जो तोच व्हिडिओ आईला पाठवतो आणि खाली लिहितो, "आई, एवढं तर तू सहज करशील." आई नाही म्हणत नाही. मुलानं हौसेनं केलंय, कसं नाही म्हणणार? आणि खरं सांगायचं तर कित्येकदा ते तिकीट रात्रीच्या थांब्यामुळे स्वस्त पडलेलं असतं. त्यात काही गैर नाही. पण मग वाचलेल्या पैशातून आई-वडिलांना एक पलंग द्या.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. हॉटेलचे पैसे वाचवायला रात्रभर गेटसमोरच्या खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसणारी. तेही तितकंच चूक. पाय सुजतात, झोप होत नाही आणि त्याच अवस्थेत पुढचे सोळा तास पुन्हा बसायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, चार तासांहून जास्त वेळ हालचाल न करता बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरू नका, दुप्पट होऊनही तो निरोगी माणसांत सुमारे सहा हजारांत एक एवढाच असतो. पण कॅन्सर, आधी झालेली गुठळी, नुकतंच झालेलं गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन, लठ्ठपणा यांनी तो वाढतो, आणि थोड्या दिवसांत लागोपाठ विमानप्रवास केले तरी वाढतो.

इथे व्हीलचेअरबद्दल एक वाक्य. रांगेत तासभर उभं राहवत नसेल तर जरूर घ्या, लाजू नका. पण चालता येत असूनही घरापासून घरापर्यंत कुणीतरी ढकलत नेतंय आणि तुम्ही तीस तासांत शंभर पावलंही टाकलेली नाहीत, असं करू नका.

मग त्या रात्रीचं करायचं काय? दुबईच्या विमानतळावर ट्रान्झिटच्या भागातच हॉटेल आहे. तिथे राहिलात तर इमिग्रेशन नको, टॅक्सी नको. महाग आहे, मान्य. काही विमान कंपन्या लांब थांब्यासाठी हॉटेल आणि जेवण स्वतःहून देतात, पण ते आधी मागावं लागतं, म्हणून तिकीट काढतानाच विचारा. जेवण विमानात वेळेवर घ्या, इन्सुलिन त्या ताटाबरोबर. ताट समोर आल्याशिवाय सुई टोचायची नाही, हे मी पुन्हा सांगतो. आंघोळ करा, झोपा. सकाळी लवकर उठून टर्मिनलमध्ये तासभर चाला. ते टर्मिनल एवढं मोठं आहे की आमच्या सारसबागेच्या चार फेऱ्या सहज होतील, आणि ए.सी.त. नंतर डॉक्टरांनी सांगितले असतील तर गुडघ्याखालचे दाबाचे मोजे घाला. पायांचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा बधिरपणा असेल तर ते विचारल्याशिवाय घालायचे नाहीत. "प्रवासासाठी" म्हणून स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन सुरू करू नका. आणि पाणी प्या. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी टाळणं आणि पाण्याची गोळी परस्पर बंद करणं, हे दोन्ही उद्योग माझे पेशंट मला न सांगता करतात. गोळीची वेळ बदलता येते. ती कशी बदलायची ते मी सांगीन.

शेजारच्यांनी "विमानात छान झोप लागते" म्हणून दिलेली अल्प्राझोलामची पट्टी घरीच ठेवा. एक तर त्या गुंगीत तुम्ही सोळा तास पाय हलवणार नाही. दुसरं, संयुक्त अरब अमिरातीत हे औषध नियंत्रित यादीत आहे. ट्रामाडॉल आणि कोडीन असलेली खोकल्याची औषधंही तशीच. आपल्याकडे गुडघेदुखीला ट्रामाडॉल सर्रास लिहिलं जातं. तिथे पूर्वपरवानगीशिवाय ते जवळ सापडलं तर प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. तुमचं एखादं औषध या यादीत असेल तर तिथल्या सरकारकडून ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. सगळी औषधं मूळ पट्टीत आणि प्रिस्क्रिप्शनसोबत हातातल्या बॅगेत ठेवा. सोम-मंगळच्या कप्प्यांच्या डबीत सुट्या गोळ्या काढून नेऊ नका. इन्सुलिनही हातातच, कारण सामानाच्या कप्प्यात गोठलं तर ते निकामी होतं. आणि हो, नातवंडांसाठी अनारसे नेत असाल तर बेत बदला. खसखस त्या देशात बंदी असलेल्या पदार्थांत मोडते.

तुम्हाला दुबई बघायचीच असेल तर माझी हरकत नाही. बघायला खूप आहे, जुन्या खाडीत होडीनं फिरणं तर मलाही आवडलं होतं. पण येताना बघा, आणि एका रात्रीत नको, दोन-तीन दिवस काढून. परतीच्या वाटेवर तुमचं शरीर अमेरिकेच्या घड्याळावर असतं, दुबईतली रात्र तेव्हा तुम्हाला दिवस वाटते, झोप तशीही येत नाही. पहिला दिवस काही ठरवू नका, सकाळचं ऊन घ्या, जेवणाच्या वेळा बसवा, साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा. दुसऱ्या दिवसापासून फिरा. असं तिकीट काढताना थोडे जास्त पैसे पडतील, ते मुलाकडून घ्या.

तिकीट काढायच्या आधी एकदा दवाखान्यात येऊन जा. येताना औषधांच्या पट्ट्या, ग्लुकोमीटर आणि विमानांच्या वेळा लिहिलेला कागद आणा. कुठल्या वेळेला किती युनिट घ्यायचं हे आपण त्या कागदावरच लिहू, मुंबईच्या, दुबईच्या आणि अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे. काकांचा तसा कागद मी नंतर परतीच्या प्रवासासाठी करून दिला होता. त्याची एक प्रत काकूंच्या पर्समध्ये असते, चिक्कीच्या जागी ठेवलेल्या ग्लुकोजच्या पुड्यांसोबत.